फळांचा ‘क्रिस्प’ आणि शरद ऋतू : आठ आहारविधिविशेषायतनांच्या आधारे एक अभ्यास

गेल्या काही वर्षांत रुग्णांचा आहारवृत्तांत घेताना पूर्वी न आढळणारे पदार्थ कानी येऊ लागले आहेत. शहरांतील घरोघरी ओव्हन आला, परदेशी स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडून पाककृती आल्या आणि ‘घरी केलेले म्हणजे निर्दोष’ ही समजूतही त्यांच्याबरोबर आली. अशा पदार्थांपैकी एक म्हणजे फळांचा ‘क्रिस्प’. सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत ‘ऑटममधला पदार्थ’ म्हणून तो केला जातो आणि मग रुग्ण विचारतो, “हे चालेल ना? फळच तर आहे!”

या प्रश्नाला वैद्यांकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, “ओव्हनमधले सर्व बंद.” दुसरे, “फळ आहे, खुशाल खा.” पहिल्या उत्तराने रुग्ण पदार्थ सोडत नाही, वैद्याला सांगणे मात्र सोडतो. दुसऱ्या उत्तराने अम्लपित्ताचा किंवा प्रमेहाचा रुग्ण फळाच्या नावाखाली साखर, मेद व विरुद्ध संयोग घेत राहतो. दोन्ही उत्तरांत विचाराला जागा नाही. वस्तुतः कोणत्याही नव्या पदार्थाची परीक्षा कशी करावी, याचे साधन चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आपल्या हाती दिले आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही ती आठ आहारविधिविशेषायतने होत. प्रस्तुत लेखात या आठ अंगांनी क्रिस्पचा विचार करून त्याची शरद ऋतूस अनुरूप अशी कृती आम्ही देत आहोत. औषधी विक्रेत्यांस उपयुक्त अशा सूचना शेवटी दिल्या आहेत.

पदार्थाचा परिचय

क्रिस्प हा मूळचा उत्तर अमेरिकेतील घरगुती स्वयंपाकातील पदार्थ आहे. १९२० च्या दशकापासून तेथील पाकपुस्तकांत ‘ॲपल क्रिस्प’ छापलेला आढळतो. इंग्लंडमधील त्याचे भावंड ‘क्रंबल’ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जिन्नसांची टंचाई असताना विशेष रूढ झाले. कृती सोपी आहे. फळांच्या फोडी पसरट भांड्यात घालावयाच्या, त्यांवर पीठ, ओट्स, साखर व लोणी चोळून केलेला भुरभुरीत थर पसरावयाचा आणि भांडे ओव्हनमध्ये भाजावयाचे. खाली फळ शिजून मऊ होते व वरचा थर खुसखुशीत होतो. तेथे प्रायः आंबट हिरवी सफरचंदे, भरपूर दालचिनी, लिंबाचा रस व वरून थंड आइस्क्रीम अशी पद्धत आहे. या शेवटच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढील विवेचनात त्या पुन्हा येतील.

१. प्रकृती

द्रव्यांचे स्वाभाविक गुण प्रथम पाहू. सफरचंदाचे वर्णन भावप्रकाशात ‘सेव’ या नावाने आले आहे. ते रसाने व विपाकाने मधुर, शीत, वातपित्तघ्न, बृंहण, रुचिकर, परंतु गुरू व कफकर सांगितले आहे. हे वर्णन मधुर जातीच्या फळास लागू पडते. आंबट हिरव्या जातीस अम्लरसाचे गुण द्यावे लागतील. नासपतीसदृश ‘अमृतफल’ भावमिश्रांनी लघू व त्रिदोषहर मानले आहे. गोधूम गुरू, शीत, स्निग्ध व बृंहण आहे. ओट्सचे वर्णन आपल्या निघंटूंत नाही. ते यवाच्या जवळचे, परंतु भिन्न धान्य आहे. त्यामुळे यवाचे सर्व गुण त्यावर सरसकट आरोपित करणे योग्य नव्हे.

दालचिनीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. भावप्रकाशात ‘त्वक्’ व ‘दारुसिता’ अशा दोन नोंदी आहेत. पहिली उष्ण, कटू व पित्तल आहे. दुसरी मधुर-तिक्त व वातपित्तहर सांगितली आहे. बाजारातही दोन प्रकार मिळतात. जाड सालीची, एकेरी वळलेली, तिखट चवीची कॅसिया दालचिनी आणि पातळ, अनेक पदरांची, गोडसर सिलोन दालचिनी. कॅसियामध्ये कुमारिन हे यकृतास अपायकारक ठरू शकणारे द्रव्य सिलोन दालचिनीपेक्षा पुष्कळ अधिक असते. ‘साखर उतरते’ म्हणून दालचिनीचे चूर्ण नित्य घेणाऱ्या रुग्णाने वर क्रिस्पमधूनही चमचा-दोन चमचे घ्यावेत, हे इष्ट नाही.

२. करण

करण म्हणजे संस्कार. त्याने द्रव्यात गुणांतराधान होते. कच्चे सफरचंद मंदाग्नीच्या रुग्णास आध्मान करते. तेच अग्निसंस्काराने मृदू झाले की पचनास सुलभ होते. म्हणून क्रिस्पचा खालचा थर हा वस्तुतः या पदार्थाचा उत्तम भाग आहे. गुरुत्व येते ते वरच्या थरामुळे.

या थराच्या पाकाविषयी आपल्या भैषज्यकल्पनेतील दृष्टी उपयोगी पडते. स्नेहपाकात मृदू, मध्यम व खर अशा अवस्था आपण मानतो आणि त्यापुढील दग्धपाक त्याज्य समजतो. क्रिस्पचा थर सोनेरी होताच ओव्हन बंद करावा. गडद तपकिरी होऊ दिल्यास तो विदाही व रूक्ष होतो. आधुनिक संशोधनानुसारही धान्य अधिक करपवल्यास त्यात ॲक्रिलामाइड हे अनिष्ट द्रव्य वाढते. दोन्ही शास्त्रांचे व्यावहारिक तात्पर्य येथे एकच आहे.

लोण्याऐवजी तूप घ्यावे, असे आम्ही सुचवितो. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी सुमारे ८० ग्रॅम तूप पुरते. तूप पातळ करून ओतू नये. रवाळ, थिजलेले तूप बोटांच्या टोकांनी पिठात चोळावे. पातळ तुपाने पीठ एकजीव होऊन थर दगडासारखा होतो.

मधाविषयी विशेष सावधानता हवी. ‘आरोग्यदायी’ म्हणविणाऱ्या अनेक कृतींत साखर वगळून मध घातलेला असतो आणि तो १८० अंश सेल्सियसला पाऊण तास भाजला जातो. चरकाचार्यांनी उष्ण मध स्पष्टपणे निषिद्ध केला आहे. अष्टांगहृदयात शरद ऋतूच्या पथ्यात मधाचा उल्लेख आहे हे खरे, परंतु तो तापविलेल्या मधाचा नव्हे. च्यवनप्राश करताना अवलेह थंड झाल्यावरच आपण मध मिसळतो. हाच नियम स्वयंपाकघरातही लागू आहे. मध तापविल्याने त्यातील हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल वाढते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा किलोस ४० मिलिग्रॅम व उष्ण प्रदेशातील मधासाठी ८० मिलिग्रॅम आहे. हा मुख्यतः मधाच्या गुणवत्तेचा निकष आहे. त्याने आपला ग्रंथोक्त सिद्धांत ‘सिद्ध झाला’ असे विधान रुग्णापुढे करू नये. निषेध सांगण्यास शास्त्राधार पुरेसा आहे.

३. संयोग

या पदार्थातील खरा दोष येथे आहे. अम्ल फळे व दूध यांचा संयोग चरकसंहितेत विरुद्ध मानला आहे. आंबट सफरचंद व लिंबाचा रस यांवर दुधाचे आइस्क्रीम घातले की हा संयोग पूर्ण होतो. त्यातच फळ कढत व आइस्क्रीम बर्फासारखे, म्हणजे शीत व उष्ण यांचे एकत्र सेवन घडते. कस्टर्ड किंवा साय घातली तरी पहिला दोष कायम राहतो. दह्याचा चक्का घालणे हा काहींनी काढलेला ‘हलका’ पर्याय आहे. परंतु शरदात दही वर्ज्यच आहे.

तात्पर्य, क्रिस्प नुसताच खावा. कोजागरीच्या रात्री आटीव दूध घ्यावयाचे असेल, तर त्या सायंकाळी क्रिस्प करू नये, इतके स्पष्ट सांगावे. अशी ठोस सूचना रुग्णाच्या ध्यानात राहते. ‘विरुद्धाहार टाळा’ ही सामान्य सूचना राहत नाही.

४. राशी

राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन प्रकार आहेत. परिग्रह म्हणजे एकेका घटकाचे प्रमाण. रूढ कृतीत साखर व लोणी इतके असते की फळ हे निमित्तमात्र उरते. पुढे दिलेल्या कृतीत १ किलो फळास ६० ग्रॅम खडीसाखर व ७५ ग्रॅम तूप घेतले आहे. तिचे आठ भाग केल्यास एका भागात आमच्या हिशेबाने सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके व २९० कॅलरी येतात. हा अल्पोपहार नव्हे, अर्धे भोजन आहे. सर्वग्रहाचा विचार करता, तो भाग ज्या दिवशी घ्यावयाचा त्या दिवशीच्या जेवणातून तितके अन्न वजा झाले पाहिजे.

प्रमेही रुग्णासाठी खडीसाखर व मनुका पूर्ण वगळाव्यात. तरीही फळ व धान्य मिळून एका भागात सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके राहतात. म्हणून अर्धाच भाग द्यावा व त्या जेवणातील एक पोळी कमी करावी. ‘साखर नाही’ म्हणजे ‘मर्यादा नाही’ असा अर्थ रुग्ण काढतो. तो काढू न देणे हे आपले काम आहे.

५ व ६. देश आणि काल

ही दोन अंगे एकत्र पाहणे आवश्यक आहे, कारण या पदार्थाविषयीचा मुख्य गोंधळ येथेच होतो. ‘ऑटम’ या शब्दाचे भाषांतर आपण ‘शरद’ असे करतो आणि पंचांगाच्या दृष्टीने उत्तर अमेरिकेत ते बरेचसे जुळतेही. परंतु ऋतूची ओळख त्याच्या लक्षणांवरून होते, महिन्याच्या नावावरून नव्हे.

महाराष्ट्रात आश्विन-कार्तिकात पाऊस ओसरतो, आकाश निरभ्र होते आणि ऊन प्रखर होते. वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त या तापाने प्रकुपित होते. म्हणून ऋतुचर्येत मधुर, तिक्त, शीत, लघू अन्न, तिक्तघृत व विरेचन सांगितले. क्षार, तैल, वसा, दही, ऊन, दिवास्वाप वर्ज्य केले. अष्टांगहृदयात शालीतांदूळ, मूग, खडीसाखर, आवळा, पडवळ यांचा निर्देश आहे.

न्यू जर्सी किंवा शिकागोसारख्या ठिकाणी ऑक्टोबर महिन्यात याच्या उलट स्थिती असते. हवा थंड व कोरडी होते, वारे सुटतात, घरात उष्णतायंत्रे सुरू होऊन रूक्षता आणखी वाढते. ही लक्षणे आपल्या शरदाची नसून हेमंताकडे झुकणारी आहेत. शीताने अग्नी आत कोंडला जाऊन प्रबळ होतो व तो गुरू-स्निग्ध अन्न पचवू शकतो. कढत, तुपाळ, दालचिनी घातलेले फळ त्या देशात, त्या काळात युक्तच आहे. तेथील लोकांनी तो पदार्थ निर्माण केला तो त्यांच्या ऋतूसाठी. तोच जसाच्या तसा पुण्या-नागपूरच्या ऑक्टोबरमधील उन्हात आणला, तर उष्ण, अम्ल व विदाही होऊन बसतो. ऑस्ट्रेलियात तर ‘ऑटम’ मार्च ते मे असा येतो. तेव्हा मेलबर्नहून फोनवर विचारणाऱ्या कुटुंबास सल्ला देताना आपले पंचांग बाजूस ठेवून तेथील हवामान विचारावे.

कालाचा दुसरा प्रकार आवस्थिक, म्हणजे व्याधीच्या अवस्थेशी संबंधित. ज्वर, प्रतिश्याय, आमावस्था व अतिसार यांत क्रिस्प देऊ नये.

दोन रुग्णांची उदाहरणे या ठिकाणी पुरेशी बोलकी आहेत. अम्लपित्ताचा जुना इतिहास असलेली ५४ वर्षांची एक गृहिणी दसऱ्यानंतर छातीत जळजळ व रात्री आंबट पाणी येणे या तक्रारी घेऊन आली. तिखट, तळलेले सर्व बंद होते. औषधे नियमित होती. खोदून विचारता कळले की, आठवडाभर रात्री साडेनऊला जेवणावर क्रिस्प चालू होता. हिरवी सफरचंदे, दोन चमचे दालचिनी, लिंबू व वर आइस्क्रीम. ‘फळ आहे म्हणून पथ्यात धरले’ असे तिचे म्हणणे होते. तो बंद करून आवळा, मुगाचे वरण-भात व रात्रीचे लवकर भोजन एवढ्यावर, पूर्वीचीच औषधे ठेवून, दहा दिवसांत तिला उपशय मिळाला.

दुसरे उदाहरण त्याच महिन्यातील. ७१ वर्षांच्या एक आजी न्यू जर्सीत मुलाकडे गेल्या होत्या. मलावष्टंभ, त्वचेची रूक्षता व भूक असूनही जेवणाचे समाधान नाही, अशी तक्रार फोनवरून कळविली. आहारात थंड दुधातील कोरडे पोहे, टोस्ट व कच्च्या भाज्या होत्या. सून दर रविवारी क्रिस्प करी, पण ‘आईंना पथ्य आहे’ म्हणून त्यांना देत नसे. मुलाला व सुनेला आम्ही सांगितले की, तूप घालून केलेला, आइस्क्रीमविना, कोमट क्रिस्प दुपारी आजींनाही द्यावा. जोडीस सकाळी गरम पाणी व तिळतेलाचा अभ्यंग होता. पंधरा दिवसांत मलप्रवृत्ती सुधारली. याचे श्रेय एकट्या क्रिस्पला देता येणार नाही, हे उघड आहे. परंतु एकीस जे अपथ्य, ते दुसरीस त्याच महिन्यात पथ्य ठरले, ते देश व उपयोक्ता यांच्या भेदामुळे.

७ व ८. उपयोगसंस्था आणि उपयोक्ता

पूर्वीचे अन्न जीर्ण झाल्यावरच नवे घ्यावे, हा मूळ नियम. जेवणाअखेर मिष्टान्न ही पाश्चात्त्य रीत आहे. सुश्रुताचार्यांनी भोजनाच्या आरंभी मधुर रस सांगितला आहे. म्हणून क्रिस्प दुपारच्या भोजनात प्रथम घ्यावा किंवा भूक असल्यास चारच्या सुमारास स्वतंत्रपणे घ्यावा. रात्री घेऊ नये. उपयोक्त्याच्या दृष्टीने कफप्रकृती, स्थौल्य व मंदाग्नी यांत मात्रा निम्मी करावी. कृश, वातप्रधान व तीक्ष्णाग्नी व्यक्तीस पूर्ण भाग चालतो. गहू वर्ज्य असणाऱ्या सीलिॲक रुग्णास कणीक देऊ नये. साध्या ओट्समध्येही गव्हाची भेसळ असू शकते, हे सांगावे.

शरद ऋतूस अनुरूप कृती

साहित्य (आठ भाग) : गोड सफरचंदे १ किलो, किंवा निम्मी सफरचंदे व निम्म्या नासपती, मनुका ३० ग्रॅम, वेलचीपूड १ लहान चमचा, पाणी ४ मोठे चमचे, ओट्स १०० ग्रॅम, कणीक ७५ ग्रॅम, खडीसाखरेची पूड ६० ग्रॅम, बदामाचे काप ४० ग्रॅम, रवाळ तूप ७५ ग्रॅम, चिमूटभर सैंधव.

कृती : सफरचंदे धुऊन, साल व बिया काढून बोटभर जाडीच्या फोडी कराव्यात. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू लावण्याची प्रथा आहे. त्याऐवजी वरचा थर आधी तयार ठेवून फळ शेवटी चिरावे. फोडी, मनुका, पाणी व निम्मी वेलचीपूड पसरट काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घालावी. कणीक, ओट्स, खडीसाखर, सैंधव व उरलेली वेलची एकत्र करून त्यात तूप चोळावे. रव्यासारखे गोळे-गोळे झाले की बदाम मिसळावेत. हे मिश्रण फळांवर न दाबता पसरावे. आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसला ४० ते ४५ मिनिटे भाजावे. थर सोनेरी झाला व कडेने रस बुडबुडू लागला की काढावे. कढत खाऊ नये. कोमट झाल्यावर वाढावे.

ओव्हन नसल्यास फोडी झाकण ठेवून मंद आचेवर वाफवाव्यात, वरचे मिश्रण जाड बुडाच्या कढईत बदामी रंगावर भाजावे व वाढतेवेळी एकत्र करावे. मंदाग्नीच्या रुग्णास ही पद्धत अधिक चांगली, कारण वरच्या थराचे प्रमाण ताटात ठरविता येते. मधच हवा असल्यास याच पद्धतीत, फळ पूर्ण गार झाल्यावर, खडीसाखरेच्या जागी चमचाभर घालावा. सीताफळ हे या ऋतूतील आपले फळ असले तरी या कामी घेऊ नये. त्याचा गर तापविल्यास कडवट होतो. ते ताजेच खावे.

थंड देशात याच कृतीत खडीसाखरेऐवजी गूळ, वेलचीऐवजी सिलोन दालचिनी १ लहान चमचा व सुंठ पाव चमचा, बदामाऐवजी अक्रोड आणि तूप ९० ग्रॅम घ्यावे. दुधाचा निषेध तेथेही कायम समजावा.

औषधी विक्रेत्यांसाठी सूचना

१. दालचिनी देताना ती कॅसिया की सिलोन, हे वेष्टनावर मराठीत लिहावे. नित्य सेवनासाठी मागणी असल्यास वैद्याचा सल्ला घेण्यास सांगावे.
२. मधाच्या बाटलीबरोबर ‘तापवू नये, गरम पदार्थात घालू नये’ ही सूचना तोंडी अवश्य द्यावी.
३. ‘साखरविरहित’ मिश्रणे व ओट्स प्रमेही रुग्णास देताना प्रमाणाचा उल्लेख करावा. ‘मधुमेहींना चालते’ एवढेच सांगून थांबू नये.
४. आश्विन-कार्तिकात अम्लपित्ताची चूर्णे वारंवार नेणाऱ्या ग्राहकास रात्रीच्या गोड पदार्थाविषयी विचारावे व वैद्याकडे पाठवावे.

निष्कर्ष

क्रिस्प स्वभावतः पथ्यही नाही व अपथ्यही नाही. शिजलेले मधुर फळ हा त्यातील ग्राह्य भाग आहे. अम्लफळ व दूध यांचा संयोग, तापविलेला मध, करपलेला थर, रात्रीची वेळ व अतिमात्रा हे त्याज्य भाग आहेत. शरदात शीतवीर्य द्रव्यांनी, हेमंतसदृश देशात उष्ण द्रव्यांनी तो सिद्ध करावा. उद्या रुग्ण आणखी एखाद्या अपरिचित पदार्थाचे नाव घेऊन येईल. त्याचे नाव ग्रंथांत सापडणार नाही, परंतु हीच आठ अंगे क्रमाने विचारल्यास उत्तर सापडेल. वैद्यबंधुभगिनींनी आहारवृत्तांताच्या नोंदीत या आठ अंगांसाठी जागा ठेवावी व आपले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत, ही विनंती.